कुणकेश्वरला दोन दिवस रंगवायला गेलो, त्या शिबिराचा रिव्ह्यू

आधी एका दमात सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. कोल्हापुरातनं कोकणात समुद्रकाठच्या कुणकेश्वरला दोन दिवसांचं आउटडोअर पेंटिंगचं शिबिर नेतात, माणशी साडेचार हजार घेतात, त्यात जाणं-येणं, राहणं, जेवण, शिकवणं आणि कागद-रंगाचा किट सगळं आलं. माझं मत विचाराल तर जावाच. फक्त किटवर विसंबू नका आणि पहिल्या दिवसाची सकाळ हातातनं गेली असं धरूनच चला. वर्गाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या मी शिकवणाऱ्या सरांना समोर बसून सांगितल्यात. आता सविस्तर, जरा लांबेल.

माझं सांगायचं तर आमचे वडील बोर्ड पेंटर. लक्ष्मीपुरीत एकेकाळी बऱ्याच दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. शाळेत असताना सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली अक्षरं भरायला बसायचो, पिवळं अक्षर, लाल आउटलाइन आणि उजव्या बाजूला खाली काळी शॅडो. हात तिथंच बसला. आता मी फ्लेक्सचं डिझाइन करतो, सगळं कॉम्प्युटरवर, पण गेली तीन-चार वर्षं रविवारी सकाळी वॉटरकलर घेऊन बसतो, कधी रंकाळा तलावावर तिथल्या दगडी संध्यामठासमोर, कधी पंचगंगेच्या घाटावर. कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांनी शंभर वर्षांपूर्वी रंगवलेलं पाणी आणि दगड आपल्याला रोज बघायला मिळतो, ही कोल्हापुरात राहणाऱ्याची केवढी मोठी कमाई आहे. पण माझ्या चित्रात एक गोष्ट कायम नडायची. सावल्या मळकट. घाटाच्या पायऱ्यांखालची सावली म्हटलं की हात आपोआप काळ्याकडं जायचा आणि चित्र तिथंच मरायचं. दोन-तीन जणांना विचारलं तर म्हणाले काळा वापरू नको, बरं, मग काय वापरू आणि का, ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. शिबिराच्या मेसेजमध्ये "समुद्रकाठचा प्रकाश" असा विषय दिसला आणि फेब्रुवारीतली तारीख होती, मी पैसे भरून मोकळा झालो.

पहिली तक्रार वेळेची. पहाटे ४ ला दसरा चौकातनं निघायचं ठरलेलं, गाडी हलली ६:२० ला. कारण काय तर तीन जण उशिरा आले आणि ड्रायव्हर बदलला. एरवी मी दोन तासाचं एवढं मनावर घेतलं नसतं, पण हे प्रकाश बघायचं शिबिर आहे हो! राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून नांदगावमार्गे कुणकेश्वरला पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेलेले आणि नाश्ता आटपून किनाऱ्यावर बसलो तर सूर्य डोक्याच्या दिशेनं चाललेला, वाळू नुसती पांढरी, होड्यांच्या सावल्या पोटाखाली गेलेल्या, समुद्र पत्र्यासारखा. आपण विषुववृत्तापासून जेमतेम १६-१७ अंशांवर, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर आपल्याकडं भर दुपारी सावली पायाखालीच येते, म्हणून इथं दहाच्या पुढं रंगवायला बसणं म्हणजे चांगला वेळ गेल्यावर बसणं. फेब्रुवारीत सूर्य एवढा माथ्यावर नसतो तरी व्हायचा तोच परिणाम होतो. ज्यांना जायचंय त्यांनी सरळ आदल्या रात्री निघायची मागणी करा, सगळ्यांनी मिळून केली तर ऐकतील.

दुसरी तक्रार कागदाची आणि ही मला जास्त लागली. किटमध्ये ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद असं सांगितलेलं. हातात घेतल्यावरच कळलं हा पातळ आहे, आणि वर त्याला सायझिंग, म्हणजे रंग पटकन आत मुरू नये म्हणून लावायची खळ, नीट नव्हतं. आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकला आणि कागदानं रंग टिपकागदासारखा आत ओढून घेतला, पुन्हा पाणी लावलं तर धागे सुटायला लागले. माझ्या शेजारी एक रिटायर्ड शिक्षिका काकू बसलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर रंगवायला आलेल्या, त्यांचा कागद तर वाऱ्यानं आणि पाण्यानं अक्षरशः होडीसारखा वाकला. त्यांना वाटलं आपल्यालाच येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. नवीन माणसाला खराब कागद देऊ नये, जुना माणूस त्यातनं वाट काढतो, नवा माणूस स्वतःला दोष देतो. माझ्या पिशवीत घरचा कॉटनचा कागद होता, त्यातले दोन तुकडे त्यांना फाडून दिले. पूर्ण कॉटनचा, जरा खरखरीत कोल्ड प्रेस्ड कागद महाग पडतो हे मान्य, पण साडेचार हजारात चार चांगले तुकडे बसले असते. रंग मात्र ठीक होते, कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूब, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप लिहितोय ते.

दुपारी तीनच्या पुढं सरांनी सगळ्यांना एका ओढून ठेवलेल्या होडीजवळ बोलावलं. बावीस जण होतो. त्यांनी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा राखाडी पुठ्ठा दिला, मधोमध पंचिंग मशीननं पाडलेलं एक भोक. म्हणाले, "एक डोळा मिटा, पुठ्ठा हात लांब करून धरा, आणि भोकातनं फक्त होडीची वाळूवर पडलेली सावली बघा. सावली आहे हे विसरा, ठिपक्याचा रंग सांगा." मी बघितलं. आणि मी खोटं सांगत नाही, तो ठिपका निळा होता. निळसर जांभळा. पुठ्ठा बाजूला केला की पुन्हा सावली "काळपट" दिसायची, भोकातनं बघितलं की निळी. मग म्हणाले आता होडीच्या पोटाखाली बघा, जिथं ऊन पोचतच नाही. तिथला ठिपका नारिंगी. अगदी भाजलेल्या विटेसारखा.

कारण त्यांनी वाळूत काडीनं रेघा मारून समजावलं. वाळूवरच्या सावलीत सूर्य पोचत नाही पण वरचं आख्खं आकाश पोचतं, म्हणून ती निळी. होडीच्या पोटाला आकाश दिसत नाही, त्याला दिसते समोरची उन्हात तापलेली वाळू, तिथनं उलटून येणारा उजेड त्याला लागतो, म्हणून ते उबदार. आणि हे सगळीकडंच होतं, पण समुद्राकाठी जास्त होतं कारण तिथं आकाश मोकळं, आडवं यायला झाड नाही, इमारत नाही, खाली वाळू आणि पाणी दोन्ही उजेड परत फेकणारे, त्यात ओली वाळू तर आरसाच. आपल्या घाटावर काळा दगड. संध्यामठाचा दगड येणारा बराचसा उजेड गिळून टाकतो, परत देतो थोडाच, भोवती झाडी, म्हणून तिथली सावली खरंच जड असते आणि म्हणून तिथं शिकलेल्या माणसाचा हात जड पडतो. हे ऐकल्यावर माझ्या तीन-चार वर्षांच्या रविवारांचं उत्तर मिळालं. रंकाळा चुकीचा नव्हता, मी रंकाळ्याच्या सावलीतला उरलासुरला निळा बघत नव्हतो एवढंच.

मिक्सिंग पण साधं दाखवलं. अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, दोनच. निळा जास्त घेतला की वाळूवरची सावली, सिएना जास्त घेतला की होडीचं पोट, दोन्ही समान घेतले की दगड. काळ्या ट्यूबचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. मी बारा इंची कागदावर फक्त ती होडी आणि तिची सावली केली, बाकी वाळू म्हणजे कोरा कागद सोडून दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चित्रातली सावली वाळूवर पडली, कागदावर डाग पडल्यासारखी नाही दिसली.

संध्याकाळचं सेशन चांगलं पण धावपळीचं, आणि त्यात सरांचा दोष नाही, आपल्या भूगोलाचा आहे. आपल्याकडं सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. साडेसहाच्या पुढं बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत खेळ संपला. सर म्हणाले डेन्मार्कच्या टोकाला स्कागेन म्हणून गाव आहे, दोन समुद्र तिथं एकत्र येतात, उन्हाळ्यात तिथं सूर्य तिरका तिरका जातो आणि निळी संध्याकाळ तासनतास टिकते, म्हणून क्रॉयर नावाच्या चित्रकाराला किनाऱ्यावरनं चालणाऱ्या दोन बायकांचं ते निळं चित्र सुचलं, १८९३ सालचं. आपल्याला तेवढा वेळ मिळत नाही म्हणून आपण सहा वाजताच सगळे वॉश कालवून ठेवायचे, आकाशाचा एक, पाण्याचा एक, ओल्या वाळूचा एक, आणि सूर्य टेकला की फक्त ब्रश चालवायचा. मी तसं केलं आणि चित्र पुरं झालं. ज्यांनी नंतर कालवायला घेतलं त्यांचं अंधारात राहिलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर होमस्टेच्या अंगणात सरांनी प्रिंट्स काढल्या. हा भाग जाहिरातीत कुठंच लिहिलेला नव्हता आणि मला विचाराल तर निम्मे पैसे इथंच वसूल झाले. दीड तास बोलले, कुणी उठलं नाही.

सुरुवात त्यांनी मोनेपासून केली. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार पोरवयात ल आव्र या बंदराच्या गावात लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा, हातखंडा होता त्याचा. तिथं बुदाँ नावाचा मोठा चित्रकार त्याला भेटला, जो किनाऱ्यावर उभा राहून आकाशं रंगवायचा, आणि तो या पोराला सोबत बाहेर घेऊन गेला. हे ऐकताना मला वडिलांच्या हाताखालचे दिवस आठवत होते, की धंद्याचं चित्र काढणारा पोरगा आहे आणि कुणीतरी त्याला उचलून उजेडात नेऊन बसवलं. त्याच ल आव्रच्या बंदरात मोनेनं १८७२ मध्ये धुक्यातला सूर्योदय रंगवला, १८७४ ला पॅरिसच्या प्रदर्शनात लावला, नाव दिलं "इम्प्रेशन, सूर्योदय", आणि एका समीक्षकानं चेष्टेत त्या शब्दावरनं सगळ्या मंडळींनाच इम्प्रेशनिस्ट म्हटलं, तेच नाव पुढं चालू राहिलं.

मग सरांनी एक करामत दाखवली. त्या चित्राचा फोटो मोबाईलमध्ये घेतला आणि ब्लॅक अँड व्हाइट केला. सूर्य गायब! जवळजवळ पुसल्यासारखा. रंगीत असताना तो केशरी गोळा चित्रातनं बाहेर येतो, पण उजेडाच्या मापानं तो भोवतीच्या राखाडी आकाशाएवढाच आहे. मोनेनं सूर्य पांढरा करून चमकवला नाही, गार राखाडीत एक गरम ठिपका ठेवला, बस. मी रोज फोटोशॉपमध्ये काम करतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सूर्य टाकायचा तर ब्राइटनेस वाढवतो, मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. घरी आल्यावर मी स्वतः ग्रेस्केल करून बघितलं, खरं आहे. तुम्हीपण करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. दुपारी भोकातनं बघितलेलं आणि रात्री मोबाईलवर बघितलेलं एकच होतं, गरम म्हणजे केशरी-तांबूस रंग आणि गार म्हणजे निळे-राखाडी. समुद्राकाठी उजेड चारी बाजूंनी येतो, काळं-पांढरं करायला तिथं जागाच थोडी उरते, सगळा खेळ गरम-गारचा.

ट्यूबचा विषय पण निघाला. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं रंगाची दाबायची पत्र्याची ट्यूब काढली, त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यायचे, फुटायचे, वाळायचे. ट्यूब आली, रेल्वे समुद्रापर्यंत पोचली, आणि चित्रकार शहरातनं उठून किनाऱ्यावर जायला लागले. इंग्लंडच्या टोकाचं सेंट आईव्ह्ज हे मासेमारीचं गाव, १८७७ ला तिथं रेल्वे आली आणि पुढं ते चित्रकारांचंच गाव झालं, आज तिथं टेट या मोठ्या ब्रिटिश कलासंग्रहालयाची गॅलरी आहे. मातिस आणि देरँ हे फ्रेंच चित्रकार १९०५ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या कोलिऊरला गेले आणि तिथल्या उन्हात लाल झाडं, हिरवे चेहरे रंगवायला लागले. मला वैयक्तिक ते चित्र एवढं भिडत नाही, पण भर उन्हात रंग कसे भडकतात ते कोकणात दुपारी उभं राहिलं की समजतं, जांभ्या दगडाची लाल भिंत आणि वरचं आकाश एकमेकांवर अक्षरशः ओरडत असतात.

मला भिडला तो सोरोया. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा चित्रकार. हा माणूस चार-सहा फुटी कॅनव्हास थेट वाळूत उभे करायचा, वाऱ्याला कापडाचे आडोसे लावायचा आणि भर उन्हात पांढरे कपडे रंगवायचा. १९०९ चं त्याचं समुद्रकाठी फिरणाऱ्या मायलेकींचं चित्र सरांनी दाखवलं, मूळ चित्र साधारण दोन मीटर बाय दोन मीटर. पांढरी साडीसारखी पायघोळ वस्त्रं, आणि जवळनं बघितलं तर त्यात पांढरा किती कमी! सावलीकडचा पदर निळा, जांभळा, वाळूकडची कड पिवळसर. दुपारची होडीच झाली की ती, फक्त कापडाची. काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पांढऱ्या साडीत एवढे रंग असतात होय," आणि सगळे आपापल्या अंगावरच्या कपड्यांकडं बघायला लागले.

शेवटी त्यांनी मोनेचं फ्रान्समधल्या त्रुव्हिल किनाऱ्यावरचं १८७० चं चित्र काढलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या रंगात आजही वाळूचे कण रुतलेले आहेत, वाऱ्यानं उडून ओल्या रंगावर बसलेले. मी आत जाऊन दुपारचा कागद आणला आणि टॉर्चच्या उजेडात तिरका धरला. होडीच्या सावलीत पाच-सहा कण चमकत होते. मी ते झटकणार होतो, सर म्हणाले राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे न बोलावता साडेसहाला किनाऱ्यावर. पश्चिम किनाऱ्यावर एक गोष्ट लक्षात ठेवायची, सकाळी सूर्य आपल्या पाठीमागनं, डोंगराकडनं येतो, समुद्राकडं तोंड केलं की ऊन आपल्या पाठीवर आणि सावल्या पाण्याकडं पळतात. संध्याकाळी उलटं, सूर्य समोर आणि सावल्या आपल्याकडं चालून येतात. एकाच जागेची दोन वेगळी चित्रं. सकाळी आधी माडांच्या शेंड्यांना ऊन लागतं, मग देवळाच्या शिखराला, आणि वाळू बराच वेळ निळ्या सावलीतच असते. हवेत ओल इतकी की वॉश वाळायलाच तयार नाही, कोल्हापुरात जो मार्चमध्ये दोन मिनिटांत वाळतो तो इथं दहा मिनिटं ओला. सुरुवातीला चिडचिड झाली, मग सरांनी सांगितलं की घाई करू नको, त्या ओल्यातच दुसरा रंग सोड. देऊळ आणि त्यामागची टेकडी मी तशीच केली, कडा एकमेकांत विरघळल्या आणि सकाळचं दव जसं होतं तसं उतरलं. हे चित्र मी फ्रेम करून घेतलंय.

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण एक नंबर होतं. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, दुपारी सुरमई, सोलकढी, शाकाहारी लोकांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि कुळथाची पिठी. खोल्या साध्या पण स्वच्छ. बायकांसाठी एक सूचना, रंगवायला बसायची जागा होमस्टेपासून लांब आहे आणि जवळ टॉयलेटची सोय नाही, शिबिर नेणाऱ्यांनी जागा ठरवताना हा विचार आधी करायला पाहिजे होता, काकूंनी तर दुपारभर पाणी प्यायचं टाळलं. हे बरोबर नाही. आणि बावीस जणांमागं एक सर आणि एक मदतनीस, म्हणजे नवख्याच्या वाट्याला दोन दिवसांत मिळून पंधरा-वीस मिनिटं येतात. बारा-पंधराच्या वर बॅच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. मोठी छत्री किंवा टोपी, कागद बोर्डाला चिकटवायला मास्किंग टेप, आणि गोडं पाणी भरपूर न्या, समुद्राचं पाणी रंगात वापरायचा मोह आवरा, मीठ वाळल्यावर कागदावर चट्टे उठतात.

परतीच्या गाडीत सरांनी प्रत्येकाची चित्रं हातात घेऊन बोलायचं असं ठरलेलं, पण घाटात निम्मे लोक झोपले आणि उरलेल्यांना गाडी लागली, ते सेशन झालंच नाही. पुढच्या रविवारी वर्गात बोलावून पुरं केलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे नमूद करायला पाहिजे.

घरी आल्यावर वडिलांना होडी दाखवली. त्यांचं वय आता पंच्याहत्तर, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ब्रश सुटून दहा वर्षं झाली. त्यांनी खिडकीजवळ नेऊन बघितलं, सावलीवर बोट न टेकवता बोट फिरवलं आणि विचारलं, "यात काळा किती टाकलास?" म्हटलं, अजिबात नाही. मग मी त्यांना पुठ्ठा दिला, त्याच भोकाचा, आणि खिडकीतनं खाली रस्त्यावर उभ्या रिक्षाची सावली बघायला सांगितली. बराच वेळ बघत राहिले. दुपारी चहा घेऊन गेलो तरी पुठ्ठा हातातच होता.

पुढची बॅच पावसाळा संपल्यावर आहे म्हणतात, मी दोन नावं दिलीत, एक माझं, एक त्यांचं. गाडी आदल्या रात्री निघणार असेल तरच पैसे भरणार असं सांगून ठेवलंय, आणि कागद मी घरनं नेणार.